पेरॉक्साइड तेवढंच टाकलं, तरी एक बॅच पातळ आणि दुसरी ढिम्म, असं का?

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. बडोद्यातल्या मकरपुऱ्याच्या युनिटमध्ये तुम्ही ग्वार गमची (गवारीच्या बियांच्या डिंकाची) व्हिस्कॉसिटी, म्हणजे दाटपणा, खाली आणायला हायड्रोजन पेरॉक्साइड वापरता, माप तेच, टेम्परेचर तेच, वेळ तोच, आणि तरी एक बॅच अर्ध्या तासात पाण्यासारखी होते आणि दुसरी तीन तास ढवळली तरी जागची हलत नाही. सुपरवायझर म्हणतात पेरॉक्साइड शिळं आहे. आणि तुला मुळात हे समजून घ्यायचंय की पेरॉक्साइड ही पॉलिसॅकराइडची, म्हणजे साखरेच्या रेणूंची, साखळी तोडतं तरी कसं, ॲसिडसारखं हायड्रोलिसिस, म्हणजे पाणी घालून बॉन्ड तोडणं, करतं का.

पेरॉक्साइड शिळं असूही शकतं. परमँगनेटने टायट्रेशन करायला फार वेळ लागत नाही, करून टाक आणि तो वाद मिटव. पण मला विचारशील तर तुझी भानगड पेरॉक्साइडच्या ड्रममध्ये नाहीच, ती लोखंडात आहे. तुम्ही मोजून टाकता पेरॉक्साइड, आणि साखळी कधी, कुठे, किती तुटणार हे ठरवतं न मोजलेलं लोखंड, जे पाण्यातून येतं, गमच्या पावडरीतून येतं, व्हेसलच्या खरवडलेल्या कोपऱ्यातून येतं.

हायड्रोलिसिसचा विषय आधी संपवू. ॲसिड काय करतं, दोन साखरांच्या मधल्या ऑक्सिजनवर प्रोटॉन बसवतं, मग तो बॉन्ड सुटतो आणि तिथे पाणी येऊन बसतं. कट स्वच्छ असतो, एका तुकड्याला रिड्युसिंग एंड (ॲल्डिहाइड होऊ शकणारं मोकळं टोक) मिळतो, दुसऱ्याला साधा ओएच. नुसत्या पाण्यात ॲसिड नाही, एन्झाइम नाही, अशा वेळी हा बॉन्ड किती चिवट असतो तर सेल्युलोजमधल्या बॉन्डचं २५ डिग्रीला अर्धायुष्य ५० लाख वर्षांच्या आसपास काढलंय लोकांनी. पेरॉक्साइडचा रस्ता पूर्ण वेगळा, ते त्या ऑक्सिजनला हातच लावत नाही.

आणि खरं म्हणजे एकटं पेरॉक्साइड या साखळीला फारसं काहीच करत नाही. स्वच्छ डीएम वॉटर (क्षार काढलेलं पाणी), काचेचं भांडं, शुद्ध गम, रूम टेम्परेचर, यात पेरॉक्साइड टाकून रात्रभर ठेव, सकाळी रीडिंग थोडंसं खाली आलेलं दिसेल, बस. पेरॉक्साइडचे दोन ऑक्सिजन धरून ठेवणारा बॉन्ड कमकुवत आहे हे बरोबर, पण इतकाही नाही की साध्या तापमानाला आपोआप फाटेल.

आता त्यात चिमूटभर फेरस आयर्न गेलं की चित्र बदलतं. फेरस एक इलेक्ट्रॉन पेरॉक्साइडला देतं, पेरॉक्साइड दुभंगतं, एक भाग हायड्रॉक्साइड होऊन गप्प बसतो आणि दुसरा भाग हायड्रॉक्सिल रॅडिकल, म्हणजे सुटा इलेक्ट्रॉन असलेला अस्थिर तुकडा. फेंटन नावाच्या माणसाने १८९४ मध्ये लोखंड आणि पेरॉक्साइड मिळून टार्टारिक ॲसिड ऑक्सिडाइज होतं हे लिहिलं, त्याच्यावरून याला फेंटन रिॲक्शन म्हणतात, पण रॅडिकलची गोष्ट पुढे १९३०च्या दशकात हाबर आणि वाइस यांनी मांडली. हे हायड्रॉक्सिल रॅडिकल इतकं भुकेलं असतं की समोर येईल त्याचा हायड्रोजन ओढून घेतं, निवडानिवड जवळपास नाही. पाण्यात ते नॅनोसेकंदांच्या हिशोबात जगतं, म्हणजे जिथे जन्मलं तिथून काही नॅनोमीटरच्या आतच त्याचा कार्यक्रम आटोपतो. हा मुद्दा डोक्यात ठेव, पुढे लागणार आहे.

साखळीवर नक्की काय होतं ते बघ. साखरेच्या प्रत्येक कार्बनवर एक तरी हायड्रोजन लटकलेला असतो, रॅडिकल तो उचलतं आणि त्या कार्बनवर एक सुटा इलेक्ट्रॉन राहतो. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन लगेच येऊन त्यावर बसतो आणि पेरॉक्सिल तयार होतं. आता हायड्रोजन कुठल्या कार्बनवरून गेला यावर पुढचं सगळं अवलंबून. पहिल्या किंवा चौथ्या कार्बनवरून गेला, म्हणजे जिथे शेजारच्या साखरेशी सांधा आहे तिथून, तर साखळी तिथल्या तिथे तुटते, आणि टोकाला साधी साखर न उरता लॅक्टोन, ॲसिड असलं काहीतरी उरतं. दुसऱ्या किंवा तिसऱ्या कार्बनवरून गेला तर साखळी तुटत नाही, तिथे फक्त एक कीटोन तयार होतो. व्हिस्कोमीटरला तो दिसत नाही. पण पुढे कुणी त्याला अल्कली दाखवली, किंवा ड्रायरमध्ये गरम केलं, की त्या कीटोनच्या शेजारचा सांधा बीटा एलिमिनेशनने निखळतो. म्हणून पेरॉक्साइड पूर्ण मारून, धुऊन, पॅक करून पाठवलेला माल पार्टीकडे जाऊन महिन्याभरात अजून पातळ होतो आणि फोन येतो. पेरॉक्साइड उरलं नव्हतं हे तुमचं खरं, आणि माल पडला हे त्यांचंही खरं. लॅबमध्ये हे पकडायचं असेल तर थोडं सोडियम बोरोहायड्राइड देऊन ते कीटोन आधीच परत अल्कोहोल करून टाक आणि तोच माल ट्रीटमेंट न केलेल्याशी ताडून बघ, अल्कलीत फरक दिसतो. कार्बोनिल जास्त झाले की सुकवताना पिवळेपणाही तिथूनच येतो, काइटोसानसारख्या अमीनवाल्या मालात तर जास्तच, तो थेट तपकिरीकडे जातो.

आता थोडा हिशोब, कारण याशिवाय माझं म्हणणं पटणार नाही. ग्वारचा रेणू म्हणजे मॅनोजचा कणा आणि साधारण दर दोन मॅनोजमागे एक गॅलक्टोज बाजूला लटकलेला. रेणूभार १५ लाख धरला तर कण्यात सहा हजारांच्या वर मॅनोज येतात. या सहा हजार सांध्यांपैकी एक, फक्त एक, मधोमध तुटला तर रेणूभार निम्मा. आणि घट्ट द्रावणात व्हिस्कॉसिटी रेणूभाराच्या साधारण ३.४ व्या घाताने चालते, म्हणजे निम्म्या लांबीला व्हिस्कॉसिटी ढोबळमानाने दहापट खाली. लांब शेवया ताटात एकमेकींत अडकून गोळा होतात आणि तोडलेल्या सुट्या पडतात, तसाच प्रकार आहे. म्हणून ब्रुकफील्ड व्हिस्कोमीटरवर चार हजार सीपीएसचा (हे व्हिस्कॉसिटीचं एकक) आकडा बघता बघता चारशेवर येतो आणि तुला वाटतं गमचा चुरा झाला, प्रत्यक्षात ९९.९ टक्क्यांहून जास्त सांधे जागेवर आहेत.

याची दुसरी बाजू अजून मजेची आहे. १०० ग्रॅम अशा गममध्ये प्रत्येक रेणूला एक कट द्यायला कागदावर लागणारं शुद्ध पेरॉक्साइड अडीच मिलिग्रॅमसुद्धा भरत नाही. तुम्ही गमच्या वजनावर २ टक्के टाकता, म्हणजे दोन ग्रॅम, जवळजवळ हजारपट! मग बाकीचं जातं कुठे? काही तसंच पडून राहतं, काही धातूवर फुटून ऑक्सिजन होऊन उडतं, काही रॅडिकल पेरॉक्साइडलाच खातात, आणि बरेच रॅडिकल अशा जागी हायड्रोजन उचलतात जिथे तुटण्यासारखं काही नसतं. पेरॉक्साइड तुझ्याकडे कायम उतू जाणारं आहे, कमी आहे ते त्याला फोडणारं लोखंड, आणि प्रोसेसमध्ये जे कमी असतं तेच वेग ठरवतं. त्यामुळे पेरॉक्साइडचं माप दीडपट केलं तरी ढिम्म बॅच ढिम्मच राहते, आणि कधीतरी दीडपट केलेल्या बॅचला नेमकं लोखंड मिळालं की ती हाताबाहेर जाते.

तर मग लोखंड एका बॅचला मिळतं आणि दुसरीला नाही, हे कसं. आपल्याकडे शहरात आजवा तलावाचं आणि मही नदीचं पाणी येतं, इस्टेटमध्ये बरेच जण बोअरवर चालवतात, आणि कुठलंही पाणी असलं तरी शेवटचा पाइप गंजका असेल तर सोमवारी सकाळी पहिल्या नळाला येणारं पाणी शनिवारच्यापेक्षा वेगळंच असतं. रविवारी पाइपात उभं राहिलेलं पाणी भरून केलेली बॅच पळते, हे रजिस्टर काढून तारखांशी जुळवून बघ, मला वाटतं जुळेल. दुसरं, पावडर. स्प्लिट (गवारीच्या बियांची डाळ) दळताना हॅमर मिलचे हातोडे झिजतात, ते झिजलेलं लोखंड कुठे जाणार, गममध्येच. मिलवर मॅग्नेट लावलेला असेल तर तो शेवटचा कधी साफ केला ते विचार. तिसरं, व्हेसल. एसएस ३१६ स्टेनलेस स्टील असेल आणि नायट्रिकने पॅसिव्हेट केलेलं (वर संरक्षक थर आणलेलं) असेल तर ठीक, पण कुणी वेल्डिंग करून तसंच सोडलं असेल किंवा साध्या लोखंडाच्या पट्टीने खरवडलं असेल तर तिथून लोखंड सुटत राहतं.

चौथं कारण सहसा कुणाच्या लक्षात येत नाही, ते म्हणजे खुद्द पेरॉक्साइड. बाजारातल्या ५० टक्के मालात तो टिकावा म्हणून स्टॅनेट, फॉस्फेट असले स्टॅबिलायझर असतात आणि त्यांचं कामच धातूला जायबंदी करणं हे आहे. सप्लायर बदलला, ग्रेड बदलली, की स्टॅबिलायझर बदलतो, टायट्रेशनला टक्केवारी तीच येते आणि बॅच मात्र वेगळी वागते.

फेरस फेरिक हा पण एक खेळ आहे. फेरस पेरॉक्साइडला झटकन फोडतं आणि स्वतः फेरिक (एक इलेक्ट्रॉन गमावलेलं लोखंड) होऊन बसतं, आणि फेरिकला परत फेरस व्हायला पेरॉक्साइडची मदत घ्यावी लागते जी हजारो पटीने हळू चालते. म्हणून आलेख असा दिसतो की पहिल्या काही मिनिटांत धाडकन पडतो आणि मग रेंगाळतो. पण त्यात फेरिकला फेरस करणारं काही असलं तर रेंगाळत नाही, पळतच राहतो. व्हिटॅमिन सी हे काम अफलातून करतं, लिंबाच्या चवीचं काही बनवणाऱ्याने गम, व्हिटॅमिन सी आणि लोखंड एकत्र आणलं तर पेरॉक्साइड न टाकताही जाडी जाते, कारण हवेतल्या ऑक्सिजनपासून ते आपलं आपण तयार होतं. ग्वारच्या सालीतले फिनॉलसुद्धा थोडंफार तेच करतात, म्हणून कमी साफ केलेली, जरा काळपट पावडर कधीकधी स्वच्छ पावडरीपेक्षा पटकन पडते. उन्हाचं पण तसंच, पारदर्शक टाकी उन्हात ठेवली की फेरिक परत फेरस होतं.

पीएच. फेंटनला ३ च्या जवळपास सगळ्यात आवडतं. वर गेलं की लोखंड हायड्रॉक्साइड होऊन खाली बसायला लागतं आणि जोर कमी होतो, तांबं मात्र न्यूट्रललाही चांगलंच काम करतं, त्यामुळे व्हॉल्व्ह पितळी असतील तर त्याच्यावरही संशय घे. अल्कलीत सगळं वेगळं. पीएच ११ च्या वर पेरॉक्साइडचा आयन व्हायला लागतो, तो कार्बोनिलवर हल्ला करतो, रंग घालवतो, ब्लीचिंग त्याच्यावरच चालतं. साखळीच्या रिड्युसिंग टोकाला तो एकेक कार्बन सोलून फॉर्मिक ॲसिड काढतो, पण टोकाकडून सोलण्याने व्हिस्कॉसिटी फारशी हलत नाही, मधून तुटण्याने हलते. अल्कलीत जी पडझड दिसते ती मुख्यतः त्या आधीच्या कीटोनची आणि परत धातूची. रिॲक्शन चालू असताना पीएच आपोआप खाली सरकताना दिसला तर घाबरू नकोस, ॲसिडं तयार होतायत.

कापडवाल्यांना हे सगळं आपल्या आधीपासून ठाऊक आहे, फक्त ते त्याला फेंटन म्हणत नाहीत, पिनहोल म्हणतात. कोरं सुती कापड, त्यात कुठेतरी सुईच्या किंवा मशीनच्या लोखंडाचा मोहरीएवढाही नाही असा कण अडकलेला, ते ९५ डिग्रीला, पीएच साडेदहा अकराच्या पेरॉक्साइड बाथमध्ये जातं. बाकी कापड पांढरंशुभ्र निघतं आणि त्या कणापाशी एक भोक, कडेचे धागे बोटाने चोळले तर पिठासारखे झडतात. भोकाच्या कडेवर पातळ हायड्रोक्लोरिकचा एक थेंब आणि वर पोटॅशियम थायोसायनेटचा एक थेंब टाक, लोखंड असेल तर रक्तासारखा लाल डाग उमटतो. हाच थेंब तुझ्या गमच्या पावडरीवर आणि पाण्याच्या फिल्टरवर टाकून बघ, अगदी पीपीएम मोजता नाही येणार पण झिजलेल्या मिलचा माल लगेच बोलतो. आणि भोक फक्त कणापाशीच का, बाजूला का नाही, तर ते नॅनोमीटरवालं आयुष्य, रॅडिकल दूर जाऊच शकत नाही.

त्यावरूनच पुढचं. कुठलं पॉलिसॅकराइड किती पटकन तुटेल हे त्याने लोखंड स्वतःजवळ किती बांधून ठेवलंय यावर बरंच ठरतं. पेक्टिन, अल्जिनेट यांच्यावर कार्बॉक्सिल आहेत, काइटोसानवर अमीन, हे धातूला चिकटून बसतात आणि रॅडिकल थेट साखळीच्या अंगावर जन्मतं, फुकट जात नाही. ग्वार, चिंचोक्याची पावडर हे न्यूट्रल, त्यांच्यात लोखंड पाण्यात भटकत असतं आणि बरेच रॅडिकल वाटेतच वाया जातात. झँथन आणखी चिवट, मीठ असलं की त्याचे दोन पदर एकमेकांभोवती गुंडाळलेले असतात, एक तुटला तरी दुसरा धरून ठेवतो, त्यामुळे सुरुवातीला काही होतच नाहीये असं वाटतं.

निसर्गाने ही युक्ती कधीच उचललीय. लाकडाला ब्राउन रॉट करणाऱ्या बुरशीचं एन्झाइम लाकडाच्या पेशीभिंतीच्या छिद्रांतून आत शिरण्याएवढं लहान नसतं, म्हणून ती आधी छोटे रेणू आत सोडते जे फेरिकला फेरस करतात आणि पेरॉक्साइड बनवतात, आत फेंटन पेटतं, सेल्युलोजची लांबी कोसळते आणि लाकडाचं वजन फारसं कमी व्हायच्या आत त्याची ताकद गेलेली असते. एडिनबराच्या स्टीफन फ्राय यांनी १९९८ मध्ये दाखवलं की ॲस्कॉर्बेटपासून तयार झालेले हायड्रॉक्सिल रॅडिकल वनस्पतीच्या पेशीभिंतीतली पॉलिसॅकराइडसुद्धा तोडू शकतात, फळ मऊ पडण्यात याचा वाटा असावा असा तो विचार आहे. आणि एलपीएमओ नावाची तांब्याची एन्झाइम आहेत, त्यांचं हे ऑक्सिडेशनने कापणं २०१० मध्ये उघड झालं, आणि ती ऑक्सिजनऐवजी पेरॉक्साइड वापरू शकतात, तेही जास्त वेगाने, हे २०१७ मध्ये पुढे आलं. तिथे तांबं एका जागी बांधलेलं असल्यामुळे कट ठरलेल्या जागीच पडतो, आपल्या टाकीत लोखंड मोकाट, म्हणून कट कुठेही. विषय मोठा आहे, इथे थांबते.

तुझ्या कामाचं आता. सुपरवायझरना पटवायचं असेल तर चार बीकर लाव, सगळ्यांत तोच १ टक्का गम, डीएम वॉटर, तेच टेम्परेचर, ५० डिग्री पुरे. पहिल्यात काहीच नाही, दुसऱ्यात फक्त पेरॉक्साइड, तिसऱ्यात आधी डीटीपीए (लोखंडाला बांधून निकामी करणारं रसायन) मग पेरॉक्साइड, चौथ्यात १ पीपीएम लोखंड आणि पेरॉक्साइड. १ पीपीएम म्हणजे लिटरला ५ मिलिग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट), ते थेट तोलायला जाऊ नकोस, अर्धा ग्रॅम हिराकस १०० मिलीत दोन थेंब सल्फ्युरिक टाकून विरघळव आणि त्यातलं १ मिली लिटरभर द्रावणात टाक. द्रावण त्याच दिवशी बनवलेलं हवं, पिवळसर दिसलं तर फेकून दे, ते फेरिक झालंय. दर दहा मिनिटांनी नमुना काढून लगेच थंड करून तेच स्पिंडल, तोच आरपीएम. आणि डीटीपीएच्या जागी लॅबमध्ये ईडीटीए आहे म्हणून ते टाकू नकोस, ईडीटीएने बांधलेलं लोखंड पेरॉक्साइड फोडतच राहतं, उलट न्यूट्रलला खाली बसणारं लोखंड ते विरघळलेलं ठेवतं, म्हणजे काम वाढवतं. यात लोक हमखास फसतात.

तिसरा आणि चौथा बीकर यांच्यातला फरक दिसला की प्लांटची दिशा ठरते. मी तरी प्लांटला लोखंड पूर्ण काढायच्या मागे लागणार नाही, ते जमत नाही. पाणी आणि पावडर जमेल तितकी स्वच्छ करायची आणि मग वरून मोजून थोडं फेरस द्यायचं, इतकं की बाहेरून चुकून येणारं त्यापुढे किरकोळ ठरेल, आणि पेरॉक्साइड एकदम न ओतता थोडं थोडं सोडायचं. पेरॉक्साइडचा डोस याने बराच खाली येतो, पिवळेपणाही कमी होतो. हवी ती व्हिस्कॉसिटी आली की थांबवायचं ते कॅटलेज या एन्झाइमने, ते पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करतं, रॅडिकल न सोडता. मेटाबायसल्फाइटने पण मरतं, स्वस्त आहे, पण जास्त पडलं तर हवा आणि लोखंडाबरोबर ते स्वतःच रॅडिकलचा धंदा सुरू करतं, म्हणून पेरॉक्साइडच्या टेस्ट स्ट्रिपने शून्य बघून थांब, अंदाजे दोन मूठ जास्त नको.

सेफ्टीचं एवढंच. कोरड्या पावडरीवर ५० टक्के पेरॉक्साइड कधी ओतायचं नाही, आधी पाण्यात पातळ कर. एक लिटर ५० टक्के माल पूर्ण फुटला तर २०० लिटरच्या आसपास ऑक्सिजन निघतो आणि उष्णता वेगळी, म्हणून टाकीचं व्हेंट उघडं हवं, आणि मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली कार्बॉय ठेवून त्याचं व्हेंटवालं झाकण साध्या झाकणाने बदलणाऱ्याला आधी बाहेर काढ. काढलेलं पेरॉक्साइड उरलं म्हणून परत ड्रममध्ये ओतायचं नाही, मगमधून गेलेला एक गंजाचा कण अख्खा ड्रम तापवू शकतो. काचसामान ॲसिटोनने धुऊन ओलं असतानाच ॲसिड आणि पेरॉक्साइड त्यात घ्यायचं नाही, त्यातून स्फोटक तयार होतं.

टायट्रेशनचा आकडा आणि थायोसायनेटचे डाग, दोन्ही झाले की इथेच टाक, पाण्याचा आणि पावडरीचा वेगवेगळा, मग किती फेरसपासून सुरुवात करायची ते सांगते.